दोघींचा एकच रंग

“निळाच.”

“पांढरा.”

“पण काहून? एखादं कारण तर सांग!”

“पांढरा साधा ऱ्हातो.”

“साधा! प्रियाताई, आपण काय भजनाला चाललो का? पाडापाडी करायला चाललो ना आपण नांदेडला?”

“मला पांढरा पाहिजे, मंजू.”

“आन् आमच्या घरी हळद चालू हे, ते? शिजवून राहिले, वाळवून राहिले, ढोलात घालून घासून राहिले. ओसरीवर हळद, न्हाणीत हळद, उशीत हळद. पांढरा कपडा आमच्या दारातून आत गेला की पिवळा होऊनच बाहेर येतो. पंच म्हणतीन, काय वं नवरीबाई, मांडवातून पळून आली का?”

“मंग काळा घे.”

“काळा? संक्रांत होऊन गेली की. माय उंबऱ्यातच अडवंल मला.”

रणजीत सर दोघींच्या मधे मोबाइल धरून बसले होते. पडद्यावर तीन कोट शेजारी शेजारी टांगलेले. सरांनी एकदा हिच्याकडं पाहिलं, एकदा तिच्याकडं, आणि मोबाइल मांडीवर पालथा घातला.

“हे बघा, स्पर्धेत हे तीनच रंग चालतात. गुलाबी मागितला असता तर मी मधे पडलो असतो. पण क्लबच्या पोरी दोनच, त्या एका रंगात दिसल्या पाहिजेत. भांडायचं तेवढं भांडून घ्या. मी चहा सांगून येतो.”

वसमतच्या मोंढ्यामागं एक जुनं सरकीचं गोदाम आहे. सरकी कधीच गेली, वास राहिला. तिथं रबरी गाद्या अंथरून रणजीत सर संध्याकाळी जिउ-जित्सू शिकवतात. दिवसा त्यांचं खताचं दुकान. पुण्यात नोकरीला होते तेव्हा हा खेळ शिकले, आणि परत येताना बाकी काही आणलं नाही, एवढंच घेऊन आले. खेळ ब्राझीलचा, पण गावात सगळे त्याला ‘गादीवरची कुस्ती’ म्हणतात, आणि सर आता दुरुस्त करायच्या भानगडीत पडत नाहीत. गोणपाटासारख्या जाड विणीचा कोट, नाडीचा पायजमा आणि कमरेला पट्टा, हा त्याचा पोशाख. त्याला गी म्हणतात. समोरचीची कॉलर धरायची, बाही धरायची, खाली खेचायचं आणि खाली पडल्यावरच खरं खेळायला लागायचं. आजवर दोघी सरांनी दिलेल्या जुन्या, ढगळ कोटांत सराव करत होत्या. नांदेडची स्पर्धा ठरली आणि पहिल्यांदाच स्वतःच्या मापाचा गी अंगावर येणार होता.

पांढरा मागणारी ती प्रियदर्शनी पाईकराव. वय एकोणतीस. वसमत आगारात कंडक्टर. औंढ्याच्या, जवळा बाजारच्या फेऱ्या बहुतेक तिच्याकडं असतात. तिच्या गाडीत चढलेल्या माणसाला ती आठवते ती आवाजानं. “पुढं सरका, पुढं सरका, माघं काय सोनं ठेवलंय का?” म्हणाली की पोत्यासारखी माणसंही हलतात. दिवसभर शेकडो माणसं तिच्याशी बोलतात आणि सगळी एकच बोलतात, गावाचं नाव. ‘जवळा.’ ‘औंढा.’ ‘दोन हट्टा.’ फार तर ‘अर्धं’. संध्याकाळी मशीन आगारात जमा केलं की तिच्या लक्षात येतं, आज आपल्याला आपल्याबद्दल कुणी एक शब्द विचारला नाही. बरोबरीच्या मैत्रिणी लग्न होऊन गेल्या. तिला पाहायला आलेले पाहुणे नोकरीवर खुश व्हायचे आणि ड्यूटीच्या वेळा ऐकून चहा अर्धा ठेवायचे. पुढं पुढं पाहुणे यायचेच थांबले आणि तिलाही चहा करायचा कंटाळा आलाच होता.

आणि निळा मागणारी मंजुषा. बावीस वर्षांची, कॉलेजातली, जवळा बाजारच्या अलीकडच्या गावातली. घरची बरी शेती, हळदीचा मोठा पसारा, मोठे काका उकंडराव म्हणतील ती पूर्व. तिला हा खेळ शिकायचा होता, पण काकांची अट होती, पोरांशी झोंबायचं न्हाई, पोरगी असंल तर जा. पोरगी आणायची कुठून? एकदा बाजाराच्या दिवशी गाडीला मरणाची गर्दी. मंजूचा एक पाय पायरीवर, एक हवेत, आणि गाडी हललेली. कंडक्टरबाईनं तिकिटाच्या मशीनचा पट्टा दातात धरला, मंजूच्या ड्रेसचा गळा मुठीत पकडला आणि तिला उचलून आत घेतलं. दुसरी पोरगी रडली असती. ही गळा चोळत म्हणाली, “ताई, काय पकड हे तुमची! संध्याकाळी काय करता तुमी?”

संध्याकाळी ती काहीच करत नव्हती. म्हणून आली.

पहिल्या दिवशी मंजूनं तिला गादीवर दाबलं, आणि प्रियदर्शनीला सुटायचं कसं ते कळेना. गुदमरल्यासारखं झालं, आणि तरी मनात आलं, कितीतरी वर्षांत आपल्याला कुणी एवढं घट्ट धरलं नव्हतं. ती हे कुणाला बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र वेळेआधी हजर झाली. या खेळात एकट्यानं काही होत नाही. धरायला कुणी लागतं, सोडवून घ्यायला कुणी लागतं. मंजूला ती हवी होती, तिला मंजू. ‘तुमी’चं ‘तू’ झालं. एका बाटलीतलं पाणी, एक टॉवेल, मंजूच्या डब्यातलं ठेच्याचं बोट हिच्या तोंडात. सराव संपला की हिच्या पांढऱ्या बनियनवर मंजूच्या पिवळ्या बोटांचे ठसे.

तर पांढरा का, याला कारण होतं. सांगता येत नव्हतं एवढंच.

ती निळ्यात वाढली होती. वस्तीच्या कमानीला निळा, वडलांच्या टोपीला निळा, चौदा एप्रिलला दारोदारच्या पताकांना निळा. त्या दिवशी ती स्वतः निळी साडी नेसून मिरवणुकीच्या पुढं असते आणि डीजेवाला थकतो, ही थकत नाही. निळ्याची लाज? छे. पण या भागात निळा रंग माणसाच्या आधी जाऊन पोचतो. तो घालून तुम्ही दारात उभ्या राहिलात की तुमचं नाव कुणी विचारत नाही, आडनाव त्यांना कळलेलं असतं. खाकीत ती कंडक्टर असते. इथं गादीवर ती नुसती प्रियाताई होती. तेवढी एक जागा तिला तशीच ठेवायची होती. हे मंजूला सांगायचं म्हणजे सगळं सांगायचं. आणि मंजूनं कधी काही विचारलंच नव्हतं. तिच्यासारख्या घरातून आलेलीला रंग म्हणजे रंगच होता, डाग दिसतो की दिसत नाही एवढाच त्यात फरक.

सर चहा घेऊन आले तेव्हा मंजू तिच्या पाठीवर लोंबकळत होती.

“मान ना, प्रियाताई.”

“उतर आधी.”

“निळा म्हण, उतरते.”

“डाग पडला की सोड्यात भिजवायचा अन् उन्हात टाकायचा. हळदीचा डाग उन्हानं उडतो.”

“ते धुणं तू करशीन का?” मंजू खाली उतरली, समोर आली आणि मोबाइलवरचा निळा कोट तिच्या हनुवटीखाली धरून, डोळे बारीक करून पाहिलं. “तुला निळा किती खुलतो, माहीत हे का तुला? खरंच. कुणी सांगितलंच न्हाई का आजपर्यंत?”

नव्हतं सांगितलं कुणी.

“मागवा सर,” प्रियदर्शनी म्हणाली. “निळे.”

गी आले ते एप्रिलच्या सुरुवातीला. दोघी ते घालून आल्या तेव्हा कोट एवढे कडक होते की हात वाकेनात. मंजू बुजगावण्यासारखी चालून दाखवत होती आणि हसून हसून खाली बसली. सरांनी फोटो काढला. एकमेकींची कॉलर धरलेली, दोघींची तोंडं हसण्यात फाकलेली, दोघी नखशिखांत निळ्या. प्रियदर्शनीनं तो फोटो घरी, वडलांना पाठवला.

वडील रत्नपाल कारखान्यावर ऊस मोजण्याच्या काट्यावर होते, आता घरीच. पोरीच्या खेळातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. दोन बाया एकमेकींच्या अंगावर पडून राहतात त्यात बघायचं काय, म्हणायचे. पण तो फोटो आला आणि ते चष्मा पुसून पुसून बघत राहिले.

“पंचफुला, इकडं ये. बघ पोरगी.”

आई कणकेच्या हातांनी आली. “अगो माय! वर्दीच वाटून राहिली.”

“मी बोललो का तिला रंगाचं कधी? एक शब्द न्हाई. तिनं तिच्या मनानं घेतला.” रत्नपालांनी चष्मा पुन्हा पुसला. “जगात कुठंबी जाईल, तर हा रंग घालून जाईल माझी पोरगी.”

प्रियदर्शनी दारात बूट काढत होती. एवढ्या आनंदात असलेल्या माणसाला काय सांगायचं, की मी पांढरा म्हणत होते?

जयंतीच्या दिवशी पहाटेच रत्नपालांनी तो फोटो मोबाइलवर स्टेटसला लावला. शेजारच्या पोराकडून शिकले होते. खाली लिहिलं, ‘आमच्या दोन्ही लेकी. जय भीम.’

आईनं तेव्हाच टोकलं. “अवो, दोन्ही कोणत्या? ती पोरगी कोणाची हे, तिच्या घरी इचारलं का?”

“त्यात काय इचारायचं? हिच्यासंगं उठते बसते, एका ताटात खाते, मंग लेकच झाली की.”

“तसं न्हाई म्हणून राहिले मी...”

“मंग कसं?”

आईनं कणीक पुढं ओढली. “काही न्हाई.”

रत्नपालांचे जुने सोबती कारखान्याच्या चारी बाजूंच्या गावांत पांगलेले. कुणी कौतुकानं तो फोटो पुढं पाठवला, कुणी नुसताच. दुपारी मिरवणूक निघायच्या वेळेला तो मंजूच्या गावात होता.

दुसऱ्या दिवशी मंजू आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. हळद आवरायची असेल, प्रियदर्शनी म्हणाली. सर म्हणाले, “असेल.” फोन लागत होता, उचलला जात नव्हता. पाचच्या गाडीला कॉलेजच्या पोरी चढायच्या, त्यांत मंजू नसायची. मग एकदा जवळ्याच्या वळणावर एक मोटरसायकल गाडीला ओलांडून गेली. पुढं भाऊ, मागं ओढणीनं तोंड बांधलेली मंजू. प्रियदर्शनी दाराच्या खिडकीशी उभी होती. मंजूनं मान वर केली नाही. मागून एक म्हातारा “ओ बाई, माझं तिकीट” म्हणत होता. तिनं त्याला कुठलं गाव ते दोनदा विचारलं. म्हातारा चिडला, “कानात बोळे घातले काय?”

गोदामात पोरं आपापल्या जोड्या लावून लोळत असायची. ती चांगली पोरं होती. पण ताईशी झोंबायचं म्हटलं की त्यांचे हात हवेत अडकायचे, आणि तिलाही पुन्हा पुन्हा सांगायची लाज वाटायची. शेवटी सरांनी एका बारदानात चिंध्या ठासून भरल्या, तोंड सुतळीनं शिवलं आणि तिच्यापुढं आणून टाकलं.

“तोवर याच्याशी कर.”

ती पोत्याशी करू लागली. पोत्यावर बसायची, पोत्याखाली जायची, पोत्याची मान आवळायची. निळ्या कोटाला तंतू चिकटायचे. पोतं फार आज्ञाधारक. कुठूनही धरा, ते धरून देतं. पण ते तिला धरत नव्हतं. एकदा ती त्याच्याखाली पाठीवर पडून राहिली, उठलीच नाही. पलीकडून एक पोरगा ओरडला, “सर, ताई हरल्या पोत्याशी!” सगळे हसले. तीही हसली, पोतं बाजूला केलं, आणि बराच वेळ कोटाचे तंतू वेचत बसली.

स्पर्धा चार दिवसांवर आली तेव्हा मंजू आली.

पिशवी खांद्याला लावून दारातच उभी राहिली. तिच्या अंगावर नवाकोरा, पांढराशुभ्र गी होता, घड्यांच्या रेघाही मोडल्या नव्हत्या. सर तिला पाहून उठले, काहीतरी बोलणार होते, मग पोरांना म्हणाले, “चला रे, बाहेर पळून या मोंढ्याला चक्कर मारून.” आणि स्वतःही त्यांच्यामागं निघून गेले.

“आली का?” प्रियदर्शनी म्हणाली.

“आले.”

“हळद?”

“झाली. विकून टाकली.” मंजू गादीच्या कडेला बसली. “रागावली ना माझ्यावर?”

“फोन तरी उचलायचा.”

“फोन काकांकडं होता. तो फोटो त्यांच्याच मोबाइलवर आला, प्रियाताई. पहिल्यांदा तर त्यांनी ओळखलंच न्हाई मला. कोणाचा तरी जयंतीचा फोटो म्हणून पुढं सारू लागले, मंग भाऊ म्हणला, काका, ही तर आपली मंजी.” तिनं काकांचा आवाज काढला, जाड, घशातून. “‘हे कवापासून?’” आवाज काढून ती हसणार होती. हसली नाही. “मी म्हणलं, काका, खेळाचा ड्रेस हे तो. ते म्हणले, खेळाचा हे तर गावात मला रामराम सोडून जयभीम काहून घालून राहिले लोक?”

“बाबांनी लावला तो फोटो. त्यांच्या मनात वाईट न्हवतं.”

“मला माहीत हे ना! मी कुठं काय म्हणलं त्यांना?” ती जवळ सरकली. “आयक. मी दोन दिवस जेवले न्हाई. मंग मायनं काकांना समजावलं. काका म्हणले, जा नांदेडला, पण पांढऱ्यात जा. आन् जोडीदारीण जी कोणी हे, ती बी पांढऱ्यात पाहिजे. मायच्या फोनवरून सरांशी बोलले मी, क्लबचा रंग एकच लागतो, म्हणून त्यांनी दोन पांढरे मागवले, तुझ्या मापाचा हे त्यांच्याकडं. एवढंच. झालं.”

“एवढंच.”

“तूच तर पांढरा म्हणून राहिली होती पहिल्यापासून! मीच येडी, तुझ्या पाठीवर बसून निळा म्हणवून घेतला. तुझंच खरं झालं की.”

बाहेर पोरांच्या पळण्याचा धपधप आवाज गोदामाला वळसा घालून गेला. प्रियदर्शनीनं स्वतःच्या बाहीकडं पाहिलं. निळा आता मऊ पडला होता, कोपराशी विटला होता.

“बाबांना काय सांगू?”

“सांग, हळद सांडली म्हणून.”

कुणीच हसलं नाही.

“न्हाई घेतला तर?” प्रियदर्शनीनं विचारलं.

“तर मी न्हाई येऊ शकत. नांदेडला बी, अन् इथं बी.” मंजूनं तिची बाही धरली. “तू न्हाई तर मी कोणाशी खेळू? तू कोणाशी खेळशीन? त्या पोत्याशी?”

त्या पोत्याकडं दोघींनी पाहिलं. ते भिंतीला टेकून बसल्यासारखं पडलं होतं.

प्रियदर्शनीनं पट्ट्याची गाठ सोडली. “घेते.”

“आं?”

“पांढरा घेते मी.”

“खरं?” मंजूनं उडी मारून तिच्या गळ्यात हात टाकले. “खरं म्हणती ना? मला माहीत होतं! मी मायला म्हणलंच होतं, प्रियाताई माझं ऐकंल. चल, उठ, आत्ता करू सराव. किती दिवस झाले, माझे तर हात आखडले.”

“थांब. एक इचारू का?”

“दहा इचार.”

“तुझ्या घरी मी कोण हे?”

“कोण म्हंजे? कंडक्टरताई.”

“अन् नाव?”

“नाव...” मंजूनं हात सोडले. “नाव कोणी इचारलंच न्हाई ना. आमी सगळे कंडक्टरताईच म्हणतो.”

“आता तर इचारलं असंल. फोटो आल्यावर.”

मंजूनं पट्ट्याचं टोक बोटाला गुंडाळलं.

“तू काय सांगितलं?”

“मी म्हणलं...” ती गादीवरचा रबराचा सुटलेला तुकडा नखानं टोकरू लागली. “मी म्हणलं, ताईनं बी रंग आवडला म्हणून घेतला. तिचं तसं काही न्हाई म्हणलं. ती आपल्यातलीच हे म्हणलं. काय करू मंग? मला यायचं होतं, प्रियाताई. तुझ्यासाठीच बोलले ना मी.”

प्रियदर्शनी तिच्यासमोर गुडघ्यावर बसली. सरावाच्या आधी दोघी बसायच्या तशीच. आवाज तिनं गाडीत कधी लावला नसेल एवढा हळू लावला.

“मी पांढरा घालीन. बाबांना काय सांगायचं ते माझं मी बघते. नांदेडला पडू न्हाईतर पाडू, फोटो तर निघंलच. दोघी पांढऱ्यात. त्यात कोणाचं काही दिसणार न्हाई. तो फोटो तू घरी नेशीन, काकांपुढं धरशीन, अन् सांगशीन का, ही माझी जोडीदारीण, प्रियदर्शनी रत्नपाल पाईकराव?”

मंजूनं तिच्याकडं पाहिलं. मग ती पिशवी जवळ ओढून तिची चेन लावू लागली. चेनीत कापड अडकलं होतं, ती ओढत राहिली, चेन हलेना. तशीच उघडी पिशवी तिनं छातीशी धरली, चपला पायात न घालता हातात घेतल्या, आणि गोदामाचा दरवाजा अंगानं ढकलून ती बाहेर गेली.